दरात न धरलेला वेळ

टायटॅनियमचा ठोकळा सीएनसी यंत्रावर चढतो, तेव्हा त्याचा मोठा हिस्सा चिप्स होऊन खाली पडणार हे ठरलेलंच असतं. विमानाच्या सांगाड्यातल्या काही भागांसाठी तर ठोकळ्याचा नऊ दशांश हिस्सा कापून टाकावा लागतो. उरतं ते पातळ भिंतींचं, हलकं एखादं ब्रॅकेट. ॲल्युमिनियम मिनिटाला शेकडो मीटर वेगाने कापता येतं. टायटॅनियममधून उष्णता हळू सरकते, ती टूलच्या टोकाशीच साठते. त्यामुळे कार्बाइडचं टूल असलं तरी वेग ५०-६० मीटरवर आणावा लागतो. चिप्स लांब, चिवट आणि धारदार निघतात, टूलभोवती गुंडाळल्या जातात. मग यंत्र थांबवायचं, दार उघडायचं, हुकाने त्या ओढून काढायच्या, दार लावायचं आणि पुन्हा सुरू करायचं. एका जॉबमध्ये हे कितीदा तरी होतं.

या दाराला इंटरलॉक असतो. दाराच्या कडेला एक छोटी धातूची चावी बसवलेली असते. दार लागलं की ती स्विचच्या खाचेत शिरते आणि त्यानंतरच टूल फिरवणारा स्पिंडल फिरू शकतो. तशीच एक सुटी चावी मिळवून खाचेत खोचली आणि केबल टायने आवळली, की दार सताड उघडं असतानाही यंत्र ते बंद समजून चालत राहतं. मशीन शॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही ही युक्ती नवी नाही.

अशाच एका चावीवरून दोघांचं वाजलेलं आहे. एक आहेत उत्पादनप्रमुख. आयटीआयचा टर्नर म्हणून लागले, तीस वर्षांत इथवर आले. शॉपमध्ये सगळे त्यांना दादा म्हणतात. दुसऱ्या सुरक्षा अधिकारी. मेकॅनिकलची पदवी, त्यावर औद्योगिक सुरक्षेची पदविका. दादा त्यांना मॅडम म्हणतात. ही दोघं कुठल्या एका कारखान्यातली नाहीत. नाशिकमध्ये १९६४ पासून ओझरला एचएएलचा कारखाना आहे, नागपूरच्या मिहानमध्ये बोइंग ७८७ च्या फ्लोअरचे बीम बनले, बेळगावात विमानभागांची अख्खी वसाहत उभी राहिली. जिथे असे भाग बनतात तिथे ही दोन खाती समोरासमोर बसतात. त्यांचं म्हणणं इथे दोन आवाजांत मांडलं आहे.

“चावी कुणी लावली ते मी विचारत नाही, दादा. का लावावी लागली ते सांगा.”

“लावावी कसली लागते? पोरांना इन्सेंटिव्ह दिसतो.”

“इन्सेंटिव्हचा आकडा कोण ठरवतं?”

“मॅनेजमेंट. आणि मॅनेजमेंटला कस्टमर.” दादा खुर्ची पुढे ओढतात. “मॅडम, तुम्ही उत्पादन म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर मालकाचा नफा येतो. माझ्यासमोर उभी असलेली विमानं येतात. २०२३ च्या फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केली, जूनमध्ये इंडिगोने ५०० ची. त्याच वर्षी प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांत धातूच्या भुकटीचा दोष निघाला आणि इंडिगोची डझनावारी विमानं जमिनीवर बसली. सुटे भाग नाहीत म्हणून विमान उडत नाही, हे रोज चाललंय. एअरबस म्हणते, २०३० पर्यंत भारतातून वर्षाला २ अब्ज डॉलरचा माल घेऊ. ते काम इथे यायचं तर माल तारखेला जायला हवा. तारीख चुकली की पुढची ऑर्डर दुसऱ्या देशात जाते, आणि माझी साठ पोरं घरी बसतात.”

हे म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नाही. कारखान्यात सुरक्षेवर बोलणाऱ्यांचा पगार बहुधा महिन्याच्या उत्पादनावर अवलंबून नसतो. यंत्रावर उभ्या असलेल्याचा असतो. काम बुडालं तर पहिला फटका कंत्राटी कामगाराला बसतो, आणि बोटाला इजा झाली तरी पहिला फटका त्यालाच. दादांना यातली पहिली गोष्ट नेमकी दिसते.

मॅडम उत्तरादाखल अमेरिकेतल्या बोइंगच्या रेंटन कारखान्याची गोष्ट काढतात. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मॅक्स ९ पोर्टलंडहून उडालं आणि सुमारे १५ हजार फुटांवर त्याच्या भिंतीतली दाराएवढी झाकणपट्टी उडून गेली. आत १७७ जण होते. त्या भोकाला लागून असलेल्या दोन जागा योगायोगाने रिकाम्या होत्या. कुणी दगावलं नाही. झाकणपट्टी जागच्या जागी धरून ठेवणारे चार बोल्ट बसवलेच नव्हते, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात निघालं.

हे कसं झालं, ते मुळातून पाहण्याजोगं आहे. विमानाचा सांगाडा कॅन्ससमधल्या विचिटा इथल्या स्पिरिट एरोसिस्टिम्समधून रेंटनच्या कारखान्यात आला, तो झाकणपट्टीशेजारचे पाच रिव्हेट खराब असलेला. दुरुस्ती कुणी करायची यात दिवस गेले, आणि तोवर विमान जुळणीच्या रांगेत पुढे सरकत राहिलं. १८ सप्टेंबर २०२३ ला रिव्हेटपर्यंत हात पोचावा म्हणून झाकणपट्टी उघडली गेली. नियमाप्रमाणे ती उघडल्याची नोंद व्हायला हवी होती. नोंद असती तर ती पुन्हा बसवल्यावर तपासणी आपोआप मागे लागली असती. नोंद झाली नाही. दारांच्या गटात अशी झाकणपट्टी उघडण्याचा अनुभव असलेला एकच माणूस होता, आणि तो रजेवर होता. रिव्हेट दुरुस्त झाले. विमान रात्री बाहेर उभं करायचं म्हणून आतला भाग उघडा राहू नये, यासाठी दुसऱ्याच गटाने पट्टी लावून टाकली. बोल्ट राहिले ते राहिलेच. विमान ऑक्टोबरअखेरीस अलास्का एअरलाइन्सला दिलं गेलं आणि दीडशेच्या आसपास उड्डाणं करून मगच ते उघडं पडलं.

“जून २०२५ मध्ये मंडळाने ठपका कुणावर ठेवला? बोल्ट विसरलेल्या कामगारावर नाही. कामगारांना पुरेसं प्रशिक्षण, सूचना आणि देखरेख न देणाऱ्या बोइंगवर,” मॅडम सांगतात. “आणि उत्पादनाचं काय झालं, ते तुम्हीच हिशेबात घ्या. एफएएने, म्हणजे तिथल्या विमान नियामकाने, ७३७ चं उत्पादन महिन्याला ३८ वर बांधून टाकलं. ते ४२ वर न्यायची परवानगी मिळाली ऑक्टोबर २०२५ मध्ये. एका न केलेल्या नोंदीने किती वेळ वाचला असेल, दादा? आणि किती महिने गेले?”

“पण ही क्वालिटीची चूक झाली,” दादा सोडत नाहीत. “तिथे कामगाराचं बोट गेलं नाही. जॉबच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीला डीसी-१० पडलं. २९६ पैकी ११२ माणसं गेली. कारण काय, तर १९७१ मध्ये घडवलेल्या इंजिनाच्या टायटॅनियम डिस्कमध्ये धातू वितळवतानाच राहिलेला एक बारीक दोष. तिथून भेग वाढत गेली आणि तपासणीत सुटली. अठरा वर्षांनी माणसं मेली! हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो. टूलला जरा चॅटर आला, ते थरथरायला लागलं, की लाल बटण दाबायचं, मला विचारायला यायचं नाही.”

“तेच म्हणते मी. जॉबवर चॅटरची खूण उठेल म्हणून तुमचा पोरगा क्षणात मशीन थांबवतो. त्याच पोराला हाताजवळ चिप्सचा गुंता आला तर थांबवावंसं वाटत नाही. जॉबसाठी थांबलं तर शाबासकी, हातासाठी थांबलं तर टार्गेट गेलं. हे तो तुमच्याकडे बघून शिकलाय.”

दादा काही बोलत नाहीत.

मॅडम डीबरिंगच्या टेबलाकडे वळतात. यंत्रावरून उतरलेल्या भागाच्या कडांवर बर, म्हणजे धारदार कंगोरी, राहते. ती स्क्रेपरने, फाइलने, बारीक ग्राइंडरने हाताने काढावी लागते. महिनाअखेरीला तिथे हेल्पर बसवले जातात. कडेला घासून बोट कापतं. हेल्पर मास्किंग टेप गुंडाळतो आणि पुढचा भाग उचलतो. प्रथमोपचार पेटीकडे तो जात नाही, कारण तिथे वहीत लिहावं लागतं, आणि गेटवरच्या फलकावर ‘अपघाताविना इतके दिवस’ असा आकडा आहे. तो आकडा त्याच्यामुळे पुन्हा शून्यावर यावा, असं त्याला वाटत नाही. त्याच्या सुपरवायझरला तर मुळीच नाही.

“आता त्याच हेल्परच्या हातून भाग खाली पडला, कोपरा चेपला, तर तो लाल टॅग लावून क्वालिटीला कळवेल असं तुम्हाला खरंच वाटतं? बोट लपवायला शिकलेला माणूस चेपलेला कोपरा दाखवेल?”

“तो फलक कुणी लावला, मॅडम?”

हा प्रश्न वर्मी लागतो. फलक सुरक्षा खात्याचाच असतो. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. १९६६ मध्ये याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. त्या आठवड्यात बॅज लावतात, शपथ घेतात, घोषवाक्यांच्या स्पर्धेची बक्षिसं वाटतात, आणि फलकावरचा मोठा आकडा पाहुण्यांना दाखवतात. त्या आकड्यासाठी किती टेप गुंडाळली गेली, हे कुणी विचारत नाही. दादांचं म्हणणं इथे शंभर टक्के बरोबर आहे. सुरक्षा खातं कागद जमवण्यात गुंतलं, की लपवाछपवीला तेच खतपाणी घालतं.

“काढून टाकते फलक,” मॅडम म्हणतात. “त्या जागी या आठवड्यात किती निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेले अपघात, कळवले, तो आकडा लावू. जास्त असला तर चांगलं. पण मग कळवणाऱ्याला तुमच्या केबिनमध्ये बोलावून झापायचं नाही.”

“झापणार नाही. पण आकडा फुगवायला रोज कुणी पाय घसरला म्हणून लिहिलं, तर ते वाचायला वेळ कुणाला आहे?”

“मी वाचीन.”

मॅडमच्या हातातलं सगळ्यात भक्कम उदाहरण ॲल्कोआचं आहे, आणि ते विमानांपासून दूरचं नाही. विमानाच्या पत्र्याला लागणारं ॲल्युमिनियम ही कंपनी बनवत आली. १९८७ मध्ये पॉल ओनील प्रमुख झाले आणि न्यूयॉर्कमध्ये गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्याच भाषणात नफ्याऐवजी कामगारांच्या इजांवर बोलले. एका गुंतवणूक सल्लागाराने बाहेर पडून ग्राहकांना शेअर विकायला सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. सहा महिन्यांनी ॲरिझोनातल्या प्लँटमध्ये एक तरुण मेला. प्रेस अडकला होता. तो कठडा ओलांडून आत शिरला, अडकलेला तुकडा ओढून काढला, आणि मोकळा झालेला यांत्रिक हात त्याच्या डोक्यावर आदळला. मॅनेजरनी त्याला आत जाताना पाहिलं होतं आणि थांबवलं नव्हतं. या मृत्यूला जबाबदार आपण आहोत, असं ओनील यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांना तोंडावर सांगितलं. इजा झाली की २४ तासांत विभागप्रमुखाने स्वतः त्यांना कळवायचं आणि ती पुन्हा होऊ नये यासाठी काय करणार तेही सांगायचं, असा नियम झाला. तो पाळायचा तर प्रमुखाला सुपरवायझरकडून आणि सुपरवायझरला कामगाराकडून तासाभरात खरी बातमी मिळायला हवी. त्या वाटेने इजांबरोबर उत्पादनाच्या अडचणीही वर यायला लागल्या. इजेमुळे कामाचा दिवस बुडण्याचं प्रमाण दर शंभर कामगारांमागे १.८६ होतं, ते २००० पर्यंत ०.२ वर आलं. वार्षिक नफा पाचपट झाला. आणि मेक्सिकोतल्या प्लँटमध्ये वायूने कामगार आजारी पडल्याची गोष्ट वर कळवली नाही, म्हणून एका बड्या अधिकाऱ्याची नोकरी गेली. त्याच्या विभागाचे आकडे उत्तम होते.

दादा हे सगळं लक्ष देऊन ऐकतात. त्यांची हरकत वेगळी आहे. “ॲल्कोआ स्वतः मालक होती, मॅडम. भाव ती ठरवायची. आपण एमआयडीसीतले व्हेंडर. कस्टमरचं स्कोअरकार्ड दर महिन्याला येतं. त्यात वेळेवर डिलिव्हरी किती टक्के आणि दहा लाखांत रिजेक्शन किती, हे असतं. माझ्या पोरांची बोटं किती, हे त्यात नसतं. ऑडिटर येतो, तो कॅलिब्रेशनचे स्टिकर बघतो, धातूचा हीट नंबर बघतो. दाराची चावी बघत नाही.”

ही तक्रार विमानभागांपुरती नाही. वाहन उद्योगात पॉवर प्रेसवर बोटं गमावलेल्या कामगारांच्या नोंदी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था वर्षानुवर्षं प्रसिद्ध करते आहे. त्यात महाराष्ट्रातले कामगारही आहेत. त्या इजा बहुतांश बड्या कंपन्यांच्या अंगणात होत नाहीत. त्यांना माल पुरवणाऱ्या छोट्या शॉपमध्ये होतात. यंत्राच्या धोकादायक भागाला कुंपण हवं, ही अट कारखाने अधिनियम, १९४८ च्या २१व्या कलमात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा नव्या सुरक्षा संहितेने घेतली. कायदा दारापर्यंत येतो, पण दाराआडच्या वेळेचा हिशेब खरेदीच्या ऑर्डरीत ठरतो.

आगीच्या बाबतीत दोघांचं जमतं. टायटॅनियमचा बारीक चुरा पेटला तर त्यावर पाणी मारणं जिवावर बेतू शकतं. धातूंसाठीची खास भुकटी किंवा कोरडी वाळू लागते. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियामधल्या एका कारखान्यात झिर्कोनियम-टायटॅनियमच्या भुकटीचा स्फोट होऊन तीन कामगार मेले. १७ फेब्रुवारी २०२५ ला फिलाडेल्फियाजवळ विमानांचे फास्टनर बनवणाऱ्या एसपीएस टेक्नॉलॉजीजच्या कारखान्याला आग लागली. माणसं सगळी सुखरूप बाहेर पडली, पण कारखाना गेला आणि बोइंगला बोल्टांचे साठे तपासावे लागले. “चिप्सची पेटी रोज रिकामी होणार, हे मी शिफ्ट इनचार्जला लिहून दिलंय,” दादा सांगतात. “आगीत उत्पादन राहत नाही. तिथे मला समजावायला नको.”

ओव्हरटाइमवर मात्र पुन्हा वाजतं. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत रोजच्या कामाची कमाल मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची ११५ वरून १४४ तासांवर नेण्याला मान्यता दिली. दादांना ते सोयीचं वाटतं. पोरं स्वतः ओटी मागायला येतात, घराचा हप्ता त्यावर चालतो. मॅडमना बारावा तास दिसतो, ज्या तासात डोळा मिटतो आणि यंत्रात टूलच्या ऑफसेटचा आकडा चुकीचा टाकला जातो. या मुद्द्यावर मॅडमचं पारडं जड आहे. पगार इतका कमी ठेवायचा की माणसाला बारावा तास मागावा लागावा, आणि मग त्याला कामगाराची इच्छा म्हणायचं, हे पटण्यासारखं नाही. दादाही ते नाकारत नाहीत. महिन्याचा शेवटचा आठवडा ओटीशिवाय निघत नाही, एवढंच ते म्हणतात.

“मग नव्या पार्टचं कोटेशन मला दाखवा,” मॅडम अचानक म्हणतात.

दादा लॅपटॉप वळवतात. शीटवर ओळी आहेत: कच्चा माल, टूलिंग, सेटिंग, स्पिंडल चालतो तो वेळ, जॉब चढवणं-उतरवणं, तपासणी, पॅकिंग.

“चिप्स काढायचा वेळ कुठाय?”

“तो वेगळा धरत नाहीत. ऑपरेटर ॲडजस्ट करतो.”

“कशातून?”

उत्तर दोघांनाही माहीत आहे. दार उघडून, थांबून, चिप्स ओढून, दार लावायला समजा एका जॉबमागे चार मिनिटं लागतात. ती कागदावर शून्य आहेत. रोजचं टार्गेट त्या शून्यावर बांधलेलं आहे. मग ती चार मिनिटं केबल टायने बांधलेल्या चावीतून येतात. रेंटनमध्येही उघडलेल्या झाकणपट्टीची नोंद आणि फेरतपासणी हे खरं काम होतं, आणि ते कागदावर आलंच नाही. हातमोज्यांचंही तेच. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजा घालायचा नाही, कारण तो गुंडाळला जाऊन हात ओढतो. डीबरिंगला मात्र कापला न जाणारा हातमोजा हवाच. एकच माणूस दोन्ही कामं करतो, तर काढण्या-घालण्याला वेळ लागतो. तोही शीटवर नाही.

आता दादांमधला टर्नर जागा होतो. “सत्तर बारचा कूलंट पंप बसवला, टूलमधूनच धार टोकावर आणली, तर चिप्स तुटून बारीक पडतील. दार निम्म्याने कमी वेळा उघडावं लागेल. टूलही जास्त टिकेल. दोन वर्षं मागतोय मी तो पंप. खर्चाच्या कारणाने मागे पडला.”

“मग तो सेफ्टीच्या बजेटमध्ये टाकायचा का?”

“नको नको. सेफ्टीच्या बजेटमध्ये गेला की हेल्मेट-बुटांच्या रांगेत उभा राहील.” दादा शीटमध्ये एक नवी ओळ घालतात, चार मिनिटं टाकतात. दर वर सरकतो. ते आकड्याकडे बघत राहतात. “कस्टमरचा खरेदीवाला विचारणार, हा वेळ कशाचा. तुम्ही या त्या मीटिंगला. मी सांगितलं तर घासाघीस वाटेल.”

“येते. पण आकडा तुम्हीच सांगायचा, दादा. माझ्या तोंडून आला तर ते पहिल्यांदा तोच कापतील.”

“आणि त्यांनी कापलाच तर?”

“तर टार्गेटही तेवढं खाली येणार, हे आत्ताच मालकांकडून लिहून घेऊ. मीटिंगच्या आधी.”

दादा थोडा वेळ विचार करतात. नव्या ओळीला अजून नाव दिलेलं नाही. ‘सुरक्षा’ असं टाइप करून ते पुसतात आणि ‘मशीनिंग’ लिहितात.